अकरा सेकंदांत निवारण

चूक हनुमंतराव येवल्यांचीच होती. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलेलं नसताना ते बोलले. लोणावळ्याच्या हॉटेल मेघसावलीत मॅनेजर म्हणून त्यांना चौदा वर्षं झाली होती, आणि मालकासमोर बोलून दाखवलेली कल्पना बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडते, एवढं कळायला चौदा वर्षं पुरेशी असतात. सगळ्यांनाच पुरत नाहीत, एवढंच.

मालक कैलासशेठ त्या दिवशी विचारात होते. पवना धरणाच्या बाजूला त्यांचं दुसरं हॉटेल उभं राहत होतं आणि दोन्हींना मिळून एक जनरल मॅनेजर नेमायचा होता. "पुण्याहून कुणीतरी शिकलेला माणूस आणावा म्हणतो," शेठ म्हणाले. "हल्ली सगळं डेटावर चालतं. आपल्याकडे आहे का डेटा?"

ती खुर्ची हनुमंतरावांनी मनातल्या मनात केव्हाच पुसून ठेवली होती. तिच्यावर पुण्याचा कुणी येऊन बसणार म्हटल्यावर त्यांच्या जिभेचा ताबा सुटला. "आहे ना," ते म्हणाले. "आपल्या टीमच्या ॲपवर चार वर्षांचे मेसेज पडून आहेत. कुठल्या खोलीची काय तक्रार आली, कुणी केव्हा निस्तरली, सगळं आहे. एक पाइपलाइन करायची आणि सगळे मेसेज त्यातून डेटाबेसमध्ये घालायचे. मी करतो."

पाइपलाइनबद्दलचं त्यांचं ज्ञान एका बावीस मिनिटांच्या व्हिडिओवर आधारलेलं होतं. घरून, म्हणजे कान्ह्याहून, लोकलने लोणावळ्याला येईपर्यंत तो खरं तर पाहून होतो. पण मळवलीला शेजारचा माणूस बोलायला लागला आणि उरलेला व्हिडिओ पाहायचा राहिला. पुढे जे जे घडलं ते सगळं त्या उरलेल्या भागात सांगितलेलं असावं, असं त्यांना अजूनही वाटतं.

मेघसावलीचं ॲप म्हणजे साधा प्रकार होता. रिसेप्शनवरून कुणीतरी लिहायचं, "१०७, गिझर बंद." ज्याचं काम असेल त्याने खाली लिहायचं, "झालं." बेचाळीस खोल्या, एकोणीस माणसं. त्यातली अठरा माणसं ॲपवर होती. एकोणिसाव्या म्हणजे हाउसकीपिंगच्या हिरामावशी. त्या बेडश्याहून येत, त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, आणि मेसेज आला की जो कुणी जवळ असेल तो व्हरांड्यातून ओरडून त्यांना सांगायचा. यात नोंद करण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

कान्ह्यात बातमी पसरायला एक संध्याकाळ लागली. धरणाच्या पाइपलाइनीसाठी जमिनी जाणार म्हणून मावळात आंदोलन पेटलं होतं, तेव्हापासून तिथे हा शब्द जपून उच्चारावा लागतो. शेजारचे सीतारामआबा, रेल्वेतून रिटायर झालेले, चपला घालून लगेच आले. "कुणाच्या रानातनं जानार हाय?" त्यांनी विचारलं. हनुमंतरावांनी अर्धा तास समजावून सांगितलं. आबांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंजी एका वहीतलं दुसऱ्या वहीत उतरवायचं. मंग मधी कार्बन घाला की. आमी रेल्वेत तेच करत हुतो."

अनिताने, म्हणजे हनुमंतरावांच्या पत्नीने, कामाचं सांगितलं. "अहो, तुमच्या हिरामावशींचा धम्मदीप कॉम्प्युटरच्या कामातच आहे ना? हिंजवडीला जातो. त्याला एक फोन करा."

"मी त्याच्या आईचा साहेब आहे," हनुमंतराव म्हणाले.

"म्हणूनच तर उचलेल फोन."

पण साहेबाने हाउसकीपिंगच्या घरी शिकवणी लावायची, हे हनुमंतरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वं माणसाने अशाच वेळी काढायची असतात; एरवी ती कुठे असतात कुणास ठाऊक.

पहिली धोंड आली ती ॲपच्या कंपनीकडून. चार वर्षांचे मेसेज एकगठ्ठा उतरवून हवे असतील, तर लेटरहेडवर अर्ज, मालकाची सही आणि शिक्का. अर्ज परत आला, शिक्का पुसट आहे म्हणून. पुन्हा पाठवला, तर शिक्का सहीवर पडलाय म्हणून परत. तिसऱ्यांदा हनुमंतरावांनी शिक्का सहीपासून दोन बोटं लांब मारला, तेव्हा शिक्का सहीला टेकलेला हवा, असं उत्तर आलं. चौथा अर्ज मंजूर झाला आणि शेवटची एकच अट उरली. ज्या नंबरवर ॲप पहिल्यांदा उघडलं, त्या नंबरवर ओटीपी जाईल. तो नंबर निलेश केदारींचा होता.

केदारी पूर्वी फ्रंट ऑफिसला होते. दोन वर्षांपूर्वी शेठशी भांडून ते खंडाळ्याच्या एका हॉटेलात गेले. हनुमंतरावांनी फोन केला तेव्हा ते अतिशय गोड बोलले. "ओटीपी काय, देतो की. पण येवलेसाहेब, सहा वर्षं काम केलं मी तिथे. साधा निरोपसमारंभ नाही झाला हो माझा. बायको अजून विचारते."

तेव्हा दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला निरोप द्यायचं ठरलं. डायनिंग हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. शाल आली, श्रीफळ आलं, केदारींची बायको नवी साडी नेसून आली. कैलासशेठना दोनच शब्द बोला म्हणून सांगितलं होतं, पण हातात माइक आणि समोर खुर्च्या दिसल्या की शेठना आवरत नाही. "निलेश आज आपल्याला सोडून जात आहेत," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं. "असा माणूस आपण जाऊ द्यायला नको होता," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. केदारींनीही पुसले. ओटीपी दहा मिनिटं चालतो. भाषण चौदा मिनिटं चाललं. दुसरा ओटीपी द्यायच्या आधी केदारींनी शालीचा फोटो पुन्हा काढून घेतला, कारण पहिल्यात त्यांचे डोळे मिटले होते.

मेसेज उतरले. एकसष्ट हजार. हनुमंतरावांनी तीन रविवार घरात कोंडून घेतलं आणि चौथ्या रविवारी पाइपलाइन चालू झाली. तिच्यात कुठलाही आकडा दिसला की तो खोलीचा नंबर आणि खाली 'झालं' दिसलं की तक्रार मिटली, असा सोपा हिशोब त्यांनी बसवला होता. त्या हिशोबाने सगळ्यात जास्त तक्रारी पन्नास नंबरच्या खोलीतून आल्या होत्या. मेघसावलीत पन्नास नंबरची खोलीच नाही. शेठच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आलेल्या शुभेच्छा पाइपलाइनने तिथे नेऊन भरल्या होत्या. शेठचे सासरे ८१व्या वर्षी वारले, ती बातमी एक्क्याऐंशी नंबरची तक्रार म्हणून नोंदली गेली होती, आणि तिच्याखाली भिकाजी प्लंबरने चार सेकंदांत लिहिलं होतं, "झालं."

हनुमंतरावांनी वाढदिवस काढले, श्रद्धांजल्या काढल्या, चार वर्षांच्या सुप्रभातांतून गुलाब वेचून बाहेर टाकले. शेवटी खऱ्या तक्रारी उरल्या नऊ हजार चारशे बारा. तक्रार येण्यापासून मिटण्यापर्यंत लागलेला सरासरी वेळ आला अकरा सेकंद.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला घाम फुटला असता. हनुमंतरावांनाही फुटला. त्यांनी भिकाजीला बोलावलं. हा भिकाजी म्हणजे नळ, वीज आणि गिझर या तिन्ही खात्यांचा एकटा माणूस.

"भिकाजी, तू सहा सेकंदांत गिझर दुरुस्त करतोस?"

"छ्या. दीड तास तर गिझरवरचं झाकान काढाय जातो."

"मग सहा सेकंदांत 'झालं' कसं लिहितोस?"

भिकाजीला हा प्रश्नच नवा होता. "सायेब, झालं लिवलं की तुमी फोन करत न्हाई. तुमी फोन न्हाई केला की काम व्हतं. समदेच लिवत्यात."

"आणि मग काम करायचं लक्षात कोण ठेवतं?"

"मावशी हायेत की," भिकाजी म्हणाला, आणि पाना घेऊन निघून गेला.

म्हणजे हनुमंतरावांना सगळं कळलं होतं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं की कळलं नव्हतं. पण मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होती, पुण्याच्या माणसाचा अर्ज शेठच्या टेबलावर पडला होता आणि अकरा हा आकडा दिसायला फार देखणा होता. त्यांनी तो तसाच ठेवला.

कैलासशेठ इतके खूश झाले की त्यांनी हनुमंतरावांना पहिल्यांदाच 'हनुमंतराव' म्हटलं. आठवड्याभरात जुन्या हायवेवर बोर्ड लागला: 'हॉटेल मेघसावली. तक्रार करा, अकरा सेकंदांत निवारण.' लॉबीत भला मोठा टीव्ही लागला. तक्रार आली की त्यावर लाल पट्टी उमटायची, 'झालं' आलं की ती हिरवी व्हायची. भिकाजीला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने तीनदा वाचून बघितलं आणि आपल्याला कामावरून तर काढलं नाही ना, असं हळूच विचारलं.

मग कुणी किती तक्रारी मिटवल्या, त्या यादीच्या तळाशी शेठनी बोट ठेवलं. "ह्या हिराबाई. चार वर्षांत शून्य?"

"त्या ॲपवर नाहीत," हनुमंतराव म्हणाले.

"ते नाही विचारलं. शून्य काम करून त्या एकोणीस वर्षं इथे आहेत? आता अकरा सेकंदांत सगळं होतंय, तर गरज काय त्यांची? एक तारखेपासून घरी बसायला सांगा. आणि हनुमंतराव, जनरल मॅनेजरचं पत्र मी ऑगस्टअखेर काढतो."

दोन्ही वाक्यं एका दमात आली. दुसऱ्या वाक्यासाठी हनुमंतरावांनी पहिलं गिळलं, आणि ते सहज उतरलं नाही. पण उतरलं.

हिरामावशींना सांगायला त्यांनी लिनन रूम निवडली, कारण तिथे दुसरं कुणी नसतं. मावशी उशांचे अभ्रे मोजत होत्या.

"माजं काय चुकलं, सायेब?"

"चुकलं काही नाही, मावशी. सिस्टिममध्ये तुमचं काम दिसत नाही."

"चादरी दिसत्यात का?"

मावशींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि दाराकडे बोट केलं. "त्या दारामागचं खडूनं लिवलेलं पुसू नगा. तेवढं ऱ्हाऊ द्या."

दारामागे खोल्यांचे नंबर लिहिलेले होते. कुणीही व्हरांड्यातून ओरडलं की मावशी तिथे नंबर टाकायच्या, भिकाजीला नाहीतर पोरींना कामाला पाठवायच्या, स्वतः जाऊन बघून यायच्या आणि मगच नंबर पुसायच्या. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. हनुमंतरावांना ते दार नेहमीच गबाळं वाटत आलं होतं. मावशी गेल्यावर मन रमवायला काहीतरी सुधारणा करावी म्हणून त्यांनी त्याला क्रीम कलर मारून घेतला.

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी शुक्रवारी आला, आणि जोडून शनिवार-रविवार. लोणावळ्यात अशा वेळी गाड्या पुढे जात नाहीत, नुसत्या एकमेकींची ओळख करून घेतात. कंटाळून थांबलेल्या त्या सगळ्या गाड्यांसमोर शेठचा बोर्ड होता. मेघसावलीच्या बेचाळीस खोल्या शुक्रवारी दुपारी भरल्या आणि शनिवारी सकाळी सव्वासातला तक्रारी सुरू झाल्या.

१०७ ला पाणी नाही. झालं, पाच सेकंद. २०३ ला टॉवेल नाही. झालं, सात सेकंद. ११२ चं दार आतून उघडत नाही. झालं. माणसं प्रमाणपत्राच्या आशेने नेहमीपेक्षा जोरात लिहीत होती आणि लिहिलं की ठरल्याप्रमाणे विसरत होती. आठवण करून द्यायला कुणी नव्हतं. भिकाजी क्रीम रंगाच्या कोऱ्या दारासमोर जाऊन दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा नुसताच परत आला.

नऊ वाजता लॉबी भरली. कुणी टॉवेल मागत होतं, कुणी ११२ मधल्या नवऱ्याला बाहेर काढा म्हणत होतं. १०७ मधले गृहस्थ केसांना साबण लावलेल्या अवस्थेत, पंचा गुंडाळून, मोबाइलमध्ये सेकंद मोजत उभे होते. "सहा हजार तीनशे झाले," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा टीव्ही वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. बाकी तक्रारी: शून्य. शेठ टीव्हीकडे बघत आणि गर्दीकडे बघत. त्यांचा विश्वास अजून टीव्हीवरच होता.

हनुमंतरावांनी भिकाजीकडून त्याची मोटरसायकल मागून घेतली. गाड्यांच्या फटींतून कामशेत, तिथून पवनानगरचा रस्ता धरून बेडसं. वाटेत त्यांनी मावशींसमोर काय बोलायचं ते पाठ केलं. त्यात 'गैरसमज' हा शब्द तीनदा होता.

मावशी ओट्यावर पावटा सोलत होत्या. धम्मदीप शेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि साहेबांचा गैरसमज पूर्ण ऐकून घेतला. मग हनुमंतरावांच्या फोनवर त्याने पाइपलाइन उघडून पाहिली. त्याला दोन मिनिटं लागली.

"काका, मेहनत खूप केलीय तुम्ही," तो म्हणाला. "पण अकरा सेकंदांत माणूस काम करत नाही, फक्त उत्तर देतो. तुम्ही उत्तरं मोजलीत. मला एक फोन केला असता तर सांगितलं असतं."

तो खवचटपणे बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो आदराने बोलला. हनुमंतरावांना ओट्यावर बसल्या बसल्या लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली, आणि पाठ केलेलं सगळं विसरायला झालं.

"चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले. "मला आधीच माहीत होतं. तरी गप्प बसलो."

मावशींनी हातातली शेंग सोलून संपवली. "यीन मी. पन ह्ये जे आता मला सांगितलंत ना, ते शेटला सांगायचं. समद्यांम्होरं. मी न्हाई सांगनार. माजं काम म्या केल्यालं हाय."

"माझं पत्र जाईल, मावशी."

"माजी भाकर गेलती," मावशी म्हणाल्या.

निघताना धम्मदीपने आपला जुना फोन आईच्या हातात दिला आणि त्यावर ॲप घालून दिलं. "आई जे असेल तेच लिहील," त्याने हनुमंतरावांना बजावलं. "तुमच्या पाइपलाइनला 'झालं' सोडून दुसरं काही वाचता येत नाही. बघा, बंद पडेल हं."

लॉबीत शिरल्या शिरल्या हनुमंतरावांनी सांगून टाकलं, कारण एकदा थांबलं की जमणार नव्हतं. "शेठ, अकरा सेकंद खोटे आहेत. तेवढ्यात आपली माणसं नुसतं 'झालं' लिहितात. मला माहीत होतं, आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही."

साबणवाल्या गृहस्थांनी मोजणं थांबवलं. "मग काम खरोखर किती वेळात होतं?" त्यांनी विचारलं.

"मावशी आल्यावर होतं," हनुमंतराव म्हणाले.

मावशी तोवर लिनन रूममध्ये पोचल्या होत्या. क्रीम रंग बघून त्यांनी एकदा साहेबांचं नाव घेतलं, मग कोऱ्या दारावर खडूने सतरा नंबर टाकले आणि भिकाजीला हाक मारली. पंधरा मिनिटांत ११२ मधला नवरा बाहेर आला. तेवढ्यात लॉबीतला टीव्ही काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली. ॲपवर मावशींचा पहिला मेसेज पडला होता: "१०७ न्हाई झालं. नळाला वायसर न्हाई." चार वर्षांत 'झालं नाही' असं त्यात पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं होतं.

शेठनी ती पांढरी ओळ पाहिली, फोनवर मावशींचा मेसेज वाचला आणि ते स्वतः वायसर आणायला गेले.

संध्याकाळपर्यंत दार पुसून कोरं झालं. मावशींना शेठनी परत कामावर घेतलं, म्हणजे त्या आल्याच होत्या, शेठनी फक्त मान हलवली. बोर्ड उतरला. आता शेठ रोज सकाळी टीव्ही न लावता लिनन रूमचं दार बघून जातात. जनरल मॅनेजरच्या पत्राबद्दल हनुमंतरावांनी विचारलं नाही आणि शेठनी सांगितलं नाही. पुण्याच्या माणसाचा अर्जही टेबलावरून नाहीसा झाला, त्यामुळे हनुमंतरावांना चार दिवस उगाचच आशा वाटली.

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी साडेदहा वाजता ॲपवर शेठचा मेसेज आला. त्यांना म्हणे त्यांचंच निरोपाचं भाषण आठवत होतं आणि असा माणूस जाऊ द्यायला नको होता, असं त्यांना पुन्हा वाटलं होतं. "श्री. निलेश केदारी आज अकरा वाजता जनरल मॅनेजर म्हणून रुजू होत आहेत. येवले, शाल, श्रीफळ, हार, सगळं आणून झालं का?"

हनुमंतरावांनी तो दोनदा वाचला. शाल कपाटात नव्हती, कारण मागची शाल केदारींनाच दिली होती. नारळ नव्हता. हार नव्हता. त्यांनी एक श्वास घेतला आणि लिहिलं, "झालं." सहा सेकंद लागले. मग छत्री घेऊन ते मागच्या दाराने, व्हरांड्यात अभ्रे मोजत बसलेल्या मावशींच्या समोरून, बाजाराकडे निघाले.

ते फाटकापाशी पोचेपर्यंत खिशातला फोन वाजला. त्यांच्या मेसेजखाली हिरामावशींनी लिहिलं होतं, "न्हाई झालं. सायेब आत्ता नारळ आनाय निघाल्यात."